हिराबागेतला मुक्काम



माझं माहेर इंदापूरचं, सासर बारामतीचं. वडिलांचं कापडाचं दुकान होतं. खरेदीला निघाले की एसटीने भिगवण, तिथून रेल्वे, आणि मुंबईत उतरायचं ते सी. पी. टँकच्या हिराबाग धर्मशाळेत. मूळजी जेठा मार्केट तिथून चालत जाण्यासारखं.

मी बी.कॉम.ला असताना आईच्या डोळ्याचं ऑपरेशन मुंबईला करायचं ठरलं आणि ती अडून बसली. सूर्यास्तानंतर जेवण नाही, पाणी गाळूनच, कंदमूळ वर्ज्य. परक्या गावात हे सांभाळायचं कसं? "डोळा गेला तर गेला, नियम मोडायची नाही," म्हणाली. वडील एवढंच बोलले, "अगं, हिराबागेत उतरायचंय." तिने लगेच स्टोव्ह, पिठाचा डबा आणि पाण्याचं गाळणं बांधायला घेतलं.

या धर्मशाळेबद्दल मी पुढे मिळेल ते वाचत गेले. डिसेंबर १८५८ मध्ये पुण्याहून डिकसळपर्यंत, म्हणजे आमच्या इंदापूर तालुक्यापर्यंत आगगाडी आली. १८६० मध्ये ती सोलापूरला पोचली. इंग्लंडात रेल्वे आल्यावर घोडागाड्यांच्या रस्त्यावरच्या जुन्या सराया ओस पडल्या. आपल्याकडे उलट झालं. मुंबई जवळ आली, पण नियम पाळणाऱ्या माणसाने तिथे उतरायचं कुठे, हा नवाच प्रश्न उभा राहिला.

तो प्रश्न शेठ माणिकचंद हिराचंद झवेरी यांनी ओळखला. त्यांचं घराणं सुरतेचं, मुंबईत येऊन मोत्यांच्या व्यापारात वर आलेलं. वडील हिराचंद गुमानजी यांच्या नावाने त्यांनी ही धर्मशाळा बांधली. (भांडवल, नफा, घसारा सगळं आम्ही शिकलो. आईचा डोळा धर्मशाळेच्या ताळेबंदात कुठल्या बाजूला मांडायचा, ते कुणी शिकवलं नाही.) १९०२ मध्ये स्थापन झालेल्या दिगंबर जैन तीर्थक्षेत्र कमेटीमागेही तेच होते. १९१४ मध्ये ते गेले.

लगेच पुढच्या जानेवारीत, आफ्रिकेहून नुकत्याच परतलेल्या गांधीजींचा आणि कस्तुरबांचा सत्कार हिराबागेत झाला. टिळकही हजर होते, मंडालेहून सुटून त्यांना वर्षही झालं नव्हतं. पंडित नाथूराम प्रेमींचं हिंदी ग्रंथ रत्नाकर कार्यालयही हिराबागेतच. प्रेमचंदांचं 'गोदान' १९३६ मध्ये त्यांनी काढलं. आम्हा बायकांना 'गोदान' माहीत असतं, पण त्यावर धर्मशाळेचा पत्ता असेल असं वाटत नाही!

आईचं ऑपरेशन नीट झालं. पट्टी सुटेपर्यंत तिला दिवस-रात्र कळेना, म्हणून रोज संध्याकाळी ती विचारायची, "सूर्य आहे ना गं अजून?" मी गॅलरीत जाऊन बघून यायचे, मगच ती घास घ्यायची.

तीर्थक्षेत्र कमेटीच्या कागदावर आजही पत्ता हिराबाग, सी. पी. टँक असा असतो. तो दिसला की मला ती गॅलरी आठवते.