काळ्या डब्याची गोष्ट

ऑफिसात रोजची पत्रं टाइप करायची, हिशेबाचे तक्ते भरायचे, ईमेल पाहायची, एवढ्यासाठी लॅपटॉप घ्यायचा झाला की आपण आधी किमतींची तुलना करत बसतो. पण स्वस्त आणि टिकाऊ ही दोन विशेषणं एकाच यंत्राला कशी चिकटली याला एक इतिहास आहे, आणि तो ठाऊक असला की दुकानात गेल्यावर डोकं जरा शांत राहतं.

सुरुवातीला "उचलून नेता येतो" हेच कौतुक होतं. १९८१ साली अमेरिकेत ऑस्बोर्न-१ आला. किंमत १,७९५ डॉलर, वजन अकरा किलोच्या आसपास आणि पडदा पाच इंची! बॅटरी नाहीच. घरातलं शिवणयंत्र पेटीत घालून न्यावं तसला प्रकार. दुसऱ्याच वर्षी ग्रिड कंपास निघाला. बिल मॉग्रिज या डिझायनरने पडदा कीबोर्डावर मिटवायची युक्ती काढली आणि अंगाला मॅग्नेशियमचा मिश्रधातू वापरला. हे यंत्र अंतराळयानातूनही फिरून आलं. किंमत मात्र आठ हजार डॉलरच्या वर. म्हणजे मजबुती तेव्हाही होती, पण ती सरकारी खजिन्यालाच परवडणारी.

मला या काळातलं खरं शहाणं यंत्र वाटतं ते १९८३ सालचं टीआरएस-८० मॉडेल १००. चार पेन्सिल सेलवर चालणारं, आठच ओळी दाखवणारं. वार्ताहरांनी ते उचलून धरलं, कारण त्यावर लिहिता येत होतं आणि टेलिफोनच्या तारेतून बातमी धाडता येत होती. कामापुरतं यंत्र, बस्स.

मग आलं १९९२ साल आणि आयबीएमचा थिंकपॅड ७००सी. आयबीएमचे संस्थापक म्हणावेत असे थॉमस वॉटसन यांचं ब्रीद होतं 'थिंक', म्हणजे विचार करा. कंपनीतले लोक हा शब्द छापलेली छोटी वही खिशात बाळगत, त्या वहीवरून हे नाव पडलं. यंत्राचं रूप रिचर्ड सॅपर या जर्मन डिझायनरने ठरवलं. जपानी लोकांचा जेवणाचा काळा चौकोनी डबा त्याच्या डोळ्यासमोर होता: बाहेरून साधा, उघडला की आत काय आहे ते कळणार. जपानमधल्या यामातो इथे अरिमासा नाइतो यांच्या हाताखालच्या मंडळींनी तो प्रत्यक्षात उतरवला. किंमत ४,३५० डॉलर. कीबोर्डाच्या मधोमध तो लाल ठिपका होता ना, तो टेड सेल्कर या संशोधकाचा. हात कळांवरून उचलून माऊसकडे न्यायला पाऊण सेकंद जातो, हे त्याला खुपत होतं. (लाल रंग धोक्याच्या बटणांसाठी राखीव, म्हणून कंपनीत आक्षेप निघाला. तेव्हा हा लाल नव्हेच, मॅजेंटा आहे, असं सांगून वेळ मारून नेली, अशी गोष्ट सांगतात. कचेऱ्या सगळीकडे सारख्याच!)

पण हा काळा डबा टिकाऊ का झाला? कंपनीला ग्राहकाची कणव आली म्हणून नव्हे. हे लॅपटॉप एकेकटा माणूस विकत घेत नसे. बँका, विमा कंपन्या हजारांच्या संख्येने घेत आणि तीन वर्षांची हमी मागत. मोडलेल्या प्रत्येक बिजागरीचा खर्च बनवणाऱ्याच्या खिशातून जाई. म्हणून बिजागऱ्या पोलादी आल्या, पुढे कीबोर्डावर सांडलेला चहा खालून गळून जाईल अशी भोकं आली, २००३ साली यंत्र पडू लागलं की हार्ड डिस्कची सुई बाजूला घेणारी सोय आली. डेलचे लॅटिट्यूड आणि एचपीचे एलिटबुकही याच वाटेचे. २००५ साली आयबीएमने हा धंदा चीनच्या लेनोवोला विकला. तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली, पण डबा टिकला.

याचा फायदा आपल्याला मागच्या दाराने झाला. तीन-चार वर्षांनी या कंपन्या जुने लॅपटॉप एकगठ्ठा काढून टाकतात आणि ते दुरुस्त होऊन बाजारात येतात. मुद्दाम स्वस्त बनवलेल्या यंत्रांचं मात्र तसं झालं नाही. शंभर डॉलरचा लॅपटॉप म्हणून निकोलस नेग्रोपाँटी यांनी गाजवलेला एक्सओ २००७ साली आला तो जवळजवळ दुपटीला. त्याच वर्षीच्या आसूसच्या सात इंची ई-पीसीने नेटबुकांची लाट आणली आणि काही वर्षांत ती ओसरली. त्या इवल्याशा कळांवर दिवसभर कोण काम करणार?

दुसरीकडे २००८ नंतर पातळपणाचं वेड आलं. मॅकबुक एअर पाकिटातून बाहेर काढून दाखवला गेला आणि हळूहळू रॅमच बोर्डाला डाग देऊन बसवायची रीत रूढ झाली. दिसायला देखणं, पण वाढवायला गेलात तर हात बांधलेले.

आता नवीन घोळ वेगळाच आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा थांबवला, आणि विंडोज ११ ला साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. ठणठणीत असलेली कितीतरी यंत्रं एका तारखेने म्हातारी ठरली. म्हणून जुना काळा डबा घेताना पिढी आधी विचारावी. मग बिजागरी हलवून पाहावी, रॅम बदलता येते का ते पाहावं, आणि सगळ्या कळा एकदा दाबून बघाव्यात. आपल्याकडच्या दमट, खारट हवेत कळा आणि मागची जोडणीची भोकं लवकर धरतात. सातव्या पिढीचं यंत्र अगदीच स्वस्तात मिळत असेल तर त्यावर लिनक्स घालावं. मराठी टंकनासाठी १९८६ साली ठरलेला इनस्क्रिप्ट कळफलक त्यातही असतोच: स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला.