अंतर राखणारी माणसे

विमानप्रवास आता शिरूर-दौंडच्या गावांनाही नवा राहिलेला नाही. दुबईला कामाला गेलेला भाचा असो, की लेकीकडे अमेरिकेला निघालेले आजी-आजोबा, पुण्याजवळच्या लोहगावचा किंवा मुंबईचा विमानतळ कुणाच्या ना कुणाच्या घरी ओळखीचा असतोच. वैमानिकाचे नाव विमानात बसल्यावर कानावर पडते. दोन विमानांत अंतर राखणारा नियंत्रक मात्र प्रवाशाला दिसत नाही, त्याचा आवाजही ऐकू येत नाही. त्याच्या कामाकडे मराठी वाचकाचे लक्ष वेधावे, एवढ्यासाठी हे प्रास्ताविक.

आमच्या कवठे येमाई गावावरचे आभाळ मुंबईच्या उड्डाण माहिती क्षेत्रात येते. देशाचे आभाळ मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई अशा चार मोठ्या क्षेत्रांत वाटलेले आहे आणि नागरी नियंत्रणाचे काम १९९५ साली स्थापन झालेले भारतीय विमानतळ प्राधिकरण पाहते. लोहगाव हा हवाई दलाचा तळ असल्याने तिथे प्रवासी विमानालाही उतरण्या-उडण्याची परवानगी हवाई दलाचा नियंत्रक देतो. पुण्याहून निघालेले विमान वर चढता चढताच एका खात्याकडून दुसऱ्याकडे सोपवले जाते. आत बसलेल्यांना त्याचा पत्ताही लागत नाही.

वाचकांनी सुरुवात अंतराच्या नियमापासून करावी. रडारवर दिसणाऱ्या, मार्गावरच्या दोन विमानांत साधारणपणे पाच सागरी मैल, म्हणजे सव्वानऊ किलोमीटर, आडवे अंतर लागते. ते नसेल तर एक हजार फुटांचे उभे अंतर. प्रत्येकी ४५० नॉट वेगाने समोरासमोर येणारी विमाने हे पाच मैल वीस सेकंदांत संपवतात. हा हिशेब मनात ठेवलात, तर पुढचे बरेच काही आपोआप उलगडेल. २९ हजार फुटांच्या वर पूर्वी उभे अंतर दोन हजार फूट असे. नोव्हेंबर २००३ पासून भारतात ४१ हजार फुटांपर्यंत तेही एक हजारावर आले. जणू आभाळाची इमारत तेवढीच राहिली आणि मजले जवळपास दुप्पट झाले. साहजिकच नियंत्रकांचे कामही वाढले.

यानंतर हरियाणातील चरखी दादरीच्या अपघाताकडे वळावे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी दिल्लीहून निघालेले सौदी बोइंग ७४७ आणि दिल्लीकडे येणारे कझाक इल्युशिन ७६ हवेत एकमेकांवर आदळले; ३४९ माणसे गेली. सौदी विमानाला १४ हजार फुटांवर थांबायला सांगितले होते, कझाक विमानाला १५ हजारांवर. कझाक विमान ठरलेल्या उंचीच्या खाली आले. नियंत्रकाच्या प्राथमिक रडारवर विमानांची उंची दिसतच नव्हती. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीनंतर येण्याजाण्याचे मार्ग वेगळे झाले, उंची दाखवणारे दुय्यम रडार आले आणि प्रवासी विमानांत टक्करविरोधी यंत्रणा सक्तीची झाली. आपल्या देशाने हा धडा फार मोठी किंमत मोजून घेतला, पण घेतला.

ही यंत्रणा, म्हणजे टीकॅस, दुसऱ्या विमानाच्या ट्रान्सपॉन्डरला, म्हणजे उत्तर देणाऱ्या रेडिओ यंत्राला, त्याचा ठावठिकाणा सतत विचारत राहते. धोका दिसताच आधी ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ असा इशारा येतो. मग दोन्ही यंत्रे आपसात ठरवून एकाला ‘क्लाइंब’ आणि दुसऱ्याला ‘डिसेंड’ सांगतात. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतील युबरलिंगेनवर यंत्रांनी असेच आदेश दिले, तरीही दोन विमाने आदळली. तिथले आभाळ सांभाळणाऱ्या झुरिचच्या केंद्रात एक नियंत्रक विश्रांतीला गेला होता. दुसरा एकटाच दोन पडदे सांभाळत होता. मुख्य फोन दुरुस्तीसाठी बंद होते. त्याने रशियन विमानाला खाली यायला सांगितले, यंत्र त्याच विमानाला वर जा म्हणत होते. दुसरे विमान आपल्या यंत्राचे ऐकून खालीच येत होते. ७१ जण मृत्युमुखी पडले. यंत्राचा आदेश आला की वैमानिकाने तोच पाळायचा आणि ‘क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट’ कळेपर्यंत नियंत्रकाने त्या विमानाला दुसरी सूचना द्यायची नाही, हा दंडक त्यानंतर जगभर पक्का झाला.

यंत्र आहे म्हणून माणसे कमी चालतील, असे मात्र समजू नये. जमिनीजवळ हे यंत्र चढ-उताराचा आदेश देत नाही. जानेवारी २०२२ मध्ये बंगळुरूत समांतर धावपट्ट्यांवरून एकाच वेळी उडालेली दोन विमाने एकमेकांकडे वळू लागली. रडारवरच्या नियंत्रकाला ते दिसले आणि त्याने दोघांना वेगळ्या दिशा दिल्या. जानेवारी २०२५ मध्ये वॉशिंग्टनला ६७ बळी घेणारी टक्कर झाली, तेव्हा मनोऱ्यात हेलिकॉप्टर आणि विमाने यांची जबाबदारी एकाच खुर्चीवर होती.

म्हणून या विषयाचा गाभा ड्युटी चार्टमध्ये शोधावा, असे मी सुचवेन. भौतिकशास्त्र-गणिताचा पदवीधर किंवा अभियंता प्रयागराज, हैदराबाद किंवा गोंदियाच्या संस्थेत शिकतो. पुढे प्रत्यक्ष पडद्यासमोर ज्येष्ठांच्या देखरेखीखाली बसून त्या-त्या ठिकाणची पात्रता मिळवतो. बदली झाली की नव्या जागेची पात्रता पुन्हा मिळवावी लागते. त्यामुळे रिकामी जागा जाहिरात काढून लगेच भरत नाही. अमेरिकेने १९८१ मध्ये संपावरचे अकरा हजारांवर नियंत्रक बडतर्फ केले. ती पोकळी भरायला वर्षे लागली. आपल्याकडेही ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने नियंत्रकांची टंचाई आणि थकवा यांवर बोट ठेवले.

अपघातांचे अहवाल वाचताना दोषी कोण, हे शोधण्याची घाई करू नका. खुर्च्या किती होत्या, माणसे किती होती आणि ती किती तास जागी होती, हे आधी पाहा. तांत्रिक शब्द दोन-चार पानांत ओळखीचे होतात. शिरूर-दौंडच्या शाळांत गणितात रमणारी मुले-मुली आहेत; त्यांतल्या एखाद्याला पुढे या पडद्यासमोर बसावेसे वाटले, तर हा विषय मराठीत मांडण्याचे श्रम वसूल झाले असे मी मानेन.

कवठे येमाई, ता. शिरूर, जि. पुणे