बिनमधाचं औषध



माघ संपत आलाय. सकाळी शाल, दुपारी पंखा आणि घराघरात खोकला. आमचा चार वर्षांचा नातू आठवडाभर खोकत होता. सूनबाईने विचारलं, "आई, मधातून चाटण देऊ का? औषधाला काय हरकत आहे?" तिने न देता आधी विचारलं, हे मला आवडलं. पण उत्तर द्यायला मला दोन दिवस लागले. हाच प्रश्न आमच्या माहेरी पूर्वी एकदा आला होता, आणि तेव्हा कोणी कोणाला विचारलं नव्हतं.

त्या दोन दिवसांत एक सकाळ मी चौकला जाऊन आले. भाईंदर पश्चिमेहून बसने मुर्धा, राई, मोर्वा, डोंगरी करत शेवटचं गाव चौक. तिथे माझी एक जुनी मैत्रीण राहते, ईस्ट इंडियन ख्रिश्चन, निवृत्त शिक्षिका. तिच्या वाडीच्या कुंपणाला अडुळसा आहे आणि या दिवसांत तो पांढऱ्या फुलांनी भरतो. वाटेत सुकत घातलेल्या बोंबलांचा वास येतो, तेव्हा मी पदर नाकाला लावते आणि ती हसते. आमची मैत्री त्याच्या पलीकडची आहे. फुलं मी तोडत नाही. पानं तेवढी मोजून सहा घेतली, तीही अष्टमी-चतुर्दशी नाही हे पाहून.

अडुळशाला आयुर्वेदात वासा म्हणतात. त्याच्या पानांत वासिसीन नावाचं द्रव्य असतं. त्याच्यावरून पुढे ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारं औषध बनवलं गेलं, आणि अ‍ॅम्ब्रोक्सॉल त्याचंच भावंड. म्हणजे केमिस्टकडच्या खोकल्याच्या अनेक बाटल्यांचं मूळ या कुंपणात आहे.

तिच्या अंगणापुढे थोडं चाललं की खाडी, आणि पलीकडे वसईचा किल्ला. इथल्या धारावी किल्ल्याचं नाव आपण चिमाजी अप्पांच्या मोहिमेमुळे ऐकलेलं असतं. मे १७३९ मध्ये वसई पडली, तेव्हा हा सारा मुलूख मराठ्यांकडे आला. मला मात्र त्या दिवशी त्याच्याही दोनशे वर्षं आधीचा माणूस आठवत होता. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला आणि पुन्हा मायदेशी गेलाच नाही. मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं आणि या साष्टी बेटावरची लेणीही त्याने पाहिली होती. इथल्या औषधांवर त्याने एक मोठा ग्रंथ लिहिला. दोन माणसांच्या संवादाच्या रूपातला हा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला.

त्या ग्रंथात आपलं स्वयंपाकघर आहे, मैत्रिणींनो! हिंगाच्या प्रकरणात तो लिहितो की खंबायतचे बनिया लोक भाजीत भरपूर हिंग घालतात. विजयनगरातल्या एका घोड्याची गोष्टही त्यात आहे. घोडा उमदा, पण पोटात वायू फार, म्हणून राजा घेईना. मालकाने पिठातून हिंग चारला आणि घोडा बरा झाला. माझ्या सासूबाई बाळाच्या बेंबीभोवती हिंगाचं पाणी लावायच्या, तेही याच कारणाने.

पण त्याच्याबद्दल मनात घर करून राहिलेली गोष्ट वेगळीच. त्याचे आईवडील मूळचे ज्यू, जबरदस्तीने ख्रिस्ती झालेले. दुसऱ्यांच्या घरचा आहार मोकळेपणाने लिहिणाऱ्या या माणसाला स्वतःच्या घराण्याच्या धर्माविषयी चकार शब्द काढता येत नव्हता. १५६८ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कॅटरिनाला, इन्क्विझिशनने गोव्यात जाळलं आणि १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. घरात एक आणि बाहेर एक अशा जगण्याची केवढी ही किंमत. आमच्या घरातलं लपवणं त्यापुढे फारच लहान, पण लपवणं तेही होतंच.

मी सहा-सात वर्षांची असेन. सोलापूरला असाच माघाचा महिना आणि मला डांग्या खोकला झालेला. गल्लीतल्या वैद्यांनी पुड्या दिल्या आणि सांगितलं, मधातूनच द्या, नाहीतर गुण येणार नाही. आमच्याकडे मद्य, मांस, मधु यांचा त्याग म्हणजे मूळगुणांतली गोष्ट, आणि आजी कडक. आईने मधाची बाटली कोळशाच्या डब्यामागे ठेवली आणि अकरा दिवस मला परसात नेऊन चाटण दिलं. मी बरी झाले. त्यानंतर आईने प्रत्येक चतुर्दशीला गोड सोडलं ते कायमचं. कारण कोणालाच सांगितलं नाही. मला सांगितलं ते माझ्या पहिल्या बाळंतपणात, तेही दिवा मालवल्यावर. "तुझ्यासाठी केलं, पण माझ्या मनातून गेलं नाही," एवढंच म्हणाली.

आता जे सांगते ते मला चाळिशीनंतर कळलं. नवव्या शतकात उग्रादित्याचार्य नावाचे आपले एक दिगंबर मुनी होते, वैद्यकाचे जाणकार. श्रीनंदी हे त्यांचे गुरू. रामगिरीवर राहून त्यांनी 'कल्याणकारक' हा संस्कृत ग्रंथ लिहिला. आपल्या परंपरेप्रमाणे वैद्यक हे चौदा पूर्वांपैकी बाराव्या, प्राणावाय पूर्वातलं. ग्रंथाची ओळख 'मद्य, मांस, मधु नसलेलं वैद्यक' अशीच करून दिली जाते. शेवटी हिताहित नावाचा एक अध्याय आहे. राष्ट्रकूट राजा नृपतुंग अमोघवर्षाच्या सभेत, वैद्यांसमोर, औषध म्हणूनसुद्धा मांस का नको हे उग्रादित्यांनी मांडलं, त्याचं ते प्रकरण. अमोघवर्षाची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजचं मळखेड, सोलापूरहून गुलबर्ग्याच्या पुढे. सूनबाईचा "औषधाला काय हरकत" हा प्रश्न अकराशे वर्षांपूर्वी आमच्याच मुलखात, भर सभेत, विचारला गेला होता तर!

उग्रादित्य सांगतात की आपण आधीच्या आचार्यांचा विस्तार संक्षेपात दिला, आणि त्यात समंतभद्राचार्यांचं नाव घेतात. हेच नाव आपण रत्नकरंड श्रावकाचारामुळे जाणतो, जिथे श्रावकाच्या आठ मूळगुणांत मधुत्याग आहे. फुलांच्या औषधांवर समंतभद्रांचा 'पुष्पायुर्वेद' होता, त्यात अठरा हजार परागरहित फुलं होती, असंही परंपरा सांगते. तो ग्रंथ आज आपल्यापुढे नाही. पण परागरहित हा शब्द मला फार आवडतो. फुलातल्या जीवाचा विचार करून मग औषधाचा विचार!

आणि हा 'कल्याणकारक' छापला कुठे गेला? सोलापुरात! १९४० मध्ये, सखाराम नेमचंद ग्रंथमालेत, वर्धमान पार्श्वनाथ शास्त्रींनी हिंदी अनुवादासह संपादित केलेला. आई परसात लपून चाटण देत होती, तेव्हा तो ग्रंथ त्याच गावात, पंचवीसेक वर्षं आधी छापून तयार होता. आई मराठी चौथी शिकलेली. मंदिरातलं पुस्तकांचं कपाट पुरुषांच्या बाजूला. कोणी तिला सांगायचं?

मला राग आला, अजूनही येतो. ग्रंथ नव्हता म्हणून नाही, तो होता म्हणून.

मग मी हिशेबाला बसले, बी.कॉम.ची सवय. वाग्भटांच्या अष्टांगहृदयात ऋतुचर्या नावाचा अध्याय आहे. शिशिरात साठलेला कफ वसंताच्या उन्हाने पातळ होतो आणि भूक मारतो, म्हणून ते तेव्हा प्यायला चार प्रकारची पाणी सांगतात: सुंठीचं, औषधी झाडाच्या गाभ्याच्या लाकडाचं, मधाचं आणि नागरमोथ्याचं. चारातून एक वजा केलं तरी तीन उरतात. ते जैन नव्हते, तरी त्यांनीच आपल्यासाठी वाट ठेवली आहे. आल्याऐवजी सुंठ आपल्याला चालते, कारण ओलं आलं अनंतकाय आणि वाळल्यावर ते अचित्त. शिवाय सुंठ चिमूटभर लागते, तिची कोणी भाजी करत नाही.

दुसरा हिशेब सितोपलादी चूर्णाचा. खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलची २, दालचिनी १. प्रत्येक जिन्नस आधीच्याच्या निम्मा, एकूण ३१. इतका देखणा ताळेबंद मी कॉलेजातही पाहिला नाही. हे चूर्ण मधातून देतात तसं तुपातूनही देतात. मधाने घशाला बरं वाटत नाही असं मी म्हणणार नाही, वाटतं. पण तो एकच मार्ग आहे, हे आईला जे सांगितलं गेलं ते खरं नव्हतं.

डॉक्टरांनी छाती तपासून साधा खोकला असल्याचं सांगितलं, त्यांना विचारूनच घरी चूर्ण सुरू केलं. सूनबाईला मी आधी आईची सगळी गोष्ट सांगितली, मग वाटी पुढे केली. तिने घरचं तूप कोमट केलं, त्यात चिमूटभर चूर्ण कालवलं आणि नातवाला चाटवलं. त्याने वाटी पुसून खाल्ली आणि अजून मागितलं, ते काही दिलं नाही. चौकहून आणलेल्या सहा पानांचा काढा मीच प्यायले. कडू जहर!

खोकला पाच-सहा दिवसांत गेला. चूर्णाने गेला की आपोआप, कोण जाणे. सूनबाई आता 'कल्याणकारक'चा हिंदी अनुवाद मोबाईलवर वाचतेय. काल रात्री मला हाक मारून म्हणाली, "आई, आजींना हे वाचून दाखवायला हवं होतं."