लेअर मास्क व ग्रेडियंट
संगणकीय प्रतिमासंपादनात एकावर एक रचलेल्या स्तरांपैकी एखाद्या स्तराचा कोणता भाग, व किती प्रमाणात, दृश्यमान राहावा हे ठरविणारी करड्या छटांची सहचारी प्रतिमा म्हणजे लेअर मास्क होय. आठ बिटांच्या मास्कमध्ये ० (काळा) ते २५५ (पांढरा) अशा २५६ छटा असतात. काळा रंग स्तर झाकतो, पांढरा तो प्रकट करतो आणि मधल्या छटा त्यास अंशतः पारदर्शक करतात. म्हणून मास्कवर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत क्रमशः पालटत जाणारा ग्रेडियंट ओढला असता एका छायाचित्रातील आकाश व दुसऱ्यातील भूमी, सांधा न दिसता, परस्परांत विलीन होतात. ओढ जितकी दीर्घ, तितके हे संक्रमण सौम्य. मात्र क्षितिजावर वृक्ष वा मनोरा असल्यास सरळ ग्रेडियंट त्यालाही ग्रासतो, आणि तेथे ब्रशने मास्क दुरुस्त करणे प्राप्त होते. अशा संमीलनाचे गणित टॉमस पोर्टर व टॉम डफ यांनी १९८४ मध्ये सूत्रबद्ध केले. फोटोशॉपमध्ये स्तरांची सोय १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून आली. स्तराचा भाग खोडरबरनेही काढता येतो, पण तो प्रतिमेचे मूळ बिंदू कायमचे नष्ट करतो. मास्क मात्र अस्सल प्रतिमा अबाधित राखून प्रत्येक फेरफार रद्द करण्याची मुभा देतो, आणि हेच त्याचे खरे श्रेष्ठत्व होय.