जिभेचे दगड आणि माशाचे दात

'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या २८ व्या अध्यायातील प्रसंग आपल्या परिचयाचा आहे. तारू फुटल्यावर संत पौल माल्टा बेटावर पोहोचतात. शेकोटीसाठी गोळा केलेल्या काटक्यांतून एक विषारी साप निघून त्यांच्या हाताला विळखा घालतो. पौल त्याला विस्तवात झटकून टाकतात आणि त्यांना काहीही इजा होत नाही. पवित्र शास्त्र एवढेच सांगते. माल्टाच्या भाविकांनी मात्र या प्रसंगाला पुढे एक जोड दिली. संत पौलांनी बेटावरील सापांचे विष हरण केले आणि त्या सापांच्या जिभा दगड झाल्या, अशी समजूत तेथे रूढ झाली. पुराव्यादाखल बेटाच्या खडकांत सापडणारे त्रिकोणी, गुळगुळीत, टोकदार दगड दाखविले जात. 'जिभेचे दगड' हेच त्यांचे नाव पडले. विषावर उतारा म्हणून युरोपात त्यांना मोठी मागणी होती आणि लोक ते ताईत म्हणून अंगावर बाळगीत.

विद्वानांचेही या दगडांविषयी एकमत नव्हते. ते आकाशातून पडतात, असे प्राचीन रोमन लेखक प्लिनी याने लिहून ठेवले होते. पृथ्वीच्या पोटात आकार घडविणारी एक शक्ती आहे आणि तीच खडकात शिंपले, मासे व दात यांच्या प्रतिकृती निर्माण करते, असे इतर अनेक जण मानीत. 'फॉसिल' या शब्दाच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थही त्या काळी केवळ 'जमिनीतून खणून काढलेले' असा होता. स्फटिक, खनिज आणि दगडी शिंपला हे सारे त्या एकाच नावाखाली येत. हे दगड शार्क माशाचे दात आहेत, असे इटलीतील फाबिओ कोलोन्ना याने १६१६ मध्ये मांडले होते. पण वाद मिटला नाही.

१६६६ च्या ऑक्टोबर महिन्यात इटलीतील लिव्होर्नो बंदराजवळ कोळ्यांनी एक प्रचंड शार्क पकडला. आपल्याकडच्या मुशीच्याच कुळातला हा मासा. त्याचे डोके फ्लॉरेन्सला आणण्यात आले आणि ग्रँड ड्यूक दुसरा फर्दिनांद याने ते चिरफाडीसाठी निल्स स्टेनसन याच्या हाती सोपविले. कोपनहेगनच्या एका सोनाराचा हा मुलगा १६३८ मध्ये जन्मला. धर्माने तो लुथरपंथी आणि व्यवसायाने शरीरशास्त्रज्ञ होता. गालातील लाळग्रंथीची नलिका शोधून काढून त्याने तरुणपणीच नाव मिळविले होते. 'स्टेनो' या लॅटिन नावाने तो ओळखला जातो.

माशाच्या जबड्यातील दातांच्या रांगा पाहताच त्याला माल्टाचे दगड आठवले. परंतु नुसत्या साम्यावर तो विसंबला नाही. दोन वस्तू सारख्या दिसतात म्हणून त्या एकच असतात असे नाही, हे तो जाणून होता. म्हणून त्याने निराळाच प्रश्न विचारला : ही वस्तू खडकातच वाढली असेल, तर तिच्यावर कोणत्या खुणा दिसायला हव्यात?

झाडाचे मूळ कठीण जमिनीत शिरले की ते वेडेवाकडे होते आणि जमिनीलाही तडे पाडते. जिभेचे दगड खडकात वाढले असते, तर त्यांचीही तीच गत झाली असती. पण माती मऊ असो वा खडक कठीण असो, त्यांचा आकार तोच राहतो आणि भोवती तडेही आढळत नाहीत. म्हणजे ते आधीच घट्ट झालेले होते. भोवतालचा गाळ नंतर त्यांच्यावर बसला आणि कालांतराने खडक झाला. १६६७ मध्ये त्याने हे विचार अनुमान म्हणून नम्रपणे प्रसिद्ध केले.

दोन वर्षांनी, १६६९ मध्ये, 'घन पदार्थात सापडणारा घन पदार्थ' या विषयावरील आपल्या पुस्तकात त्याने याचे नियम सांगितले. ज्याचा ठसा दुसऱ्यावर उमटला आहे, तो आधी घट्ट झालेला असतो. खडकाची भेग भरून तयार झालेले खनिज भेगेचा आकार घेते. उलट शिंपल्याभोवतीचा खडक शिंपल्याचा आकार घेतो. स्फटिकावर बाहेरून थर चढत जातात, तर शिंपल्याची अंतर्गत रचना त्यात राहणारा जीव घडवितो. बाहेरून आणि आतून दोन्ही रचना जुळल्या, तरच दोघांची उत्पत्ती एक मानावी. तसेच गाळाचे थर एकावर एक साचतात. त्यामुळे खालचा थर जुना आणि वरचा नवा. भूगर्भशास्त्राची पायाभरणी या विचारांनी झाली.

स्टेनोच्या विचारालाही काळाची मर्यादा होती. थरांचा इतिहास त्याने नोहाच्या जलप्रलयाशी आणि त्या काळच्या अल्प कालगणनेशी जुळवून पाहिला. माल्टाचे ते दात किमान ५० लाख वर्षांपूर्वीचे आहेत, हे आज आपल्याला ठाऊक आहे. त्याच्या कसोट्या मात्र टिकल्या.

त्या आपल्या अंगणातही उपयोगी पडतात. दख्खनचा काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनला. त्याच्या भेगांत पुष्कळदा नेच्याच्या पानासारखी नाजूक काळी नक्षी दिसते आणि मुले ती 'दगडातले पान' म्हणून हौसेने आणतात. नीट पाहिले तर तिला देठ नसतो, शिरा नसतात आणि ती भेगेच्या पृष्ठावरच पसरलेली असते. पाण्याबरोबर झिरपलेल्या मँगनीजची ती रांगोळी होय. झिजून गोल झालेल्या धोंड्यांना डायनोसॉरची अंडी समजणेही तसेच. याउलट लाव्हाच्या दोन थरांमध्ये जेथे तळ्याचा गाळ दबला गेला, तेथे खरे जीवाश्म मिळतात. नागपूरजवळच्या टाकळीला १९ व्या शतकात स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने ते गोळा केले होते.

आता स्टेनोच्या आयुष्याकडे पुन्हा वळू. संतांच्या नावाशी जोडलेली एक कथा त्याने मोडीत काढली, तेव्हा त्याची श्रद्धा डळमळली असेल, असे कोणालाही वाटेल. घडले ते उलट. ज्या १६६७ साली शार्कच्या दातांवरील लेखन प्रसिद्ध झाले, त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये त्याने कॅथलिक ख्रिस्तसभेत प्रवेश करण्याचा निश्चय केला. १६७५ मध्ये तो धर्मगुरू झाला आणि १६७७ मध्ये बिशप. उत्तर जर्मनीत विखुरलेल्या मूठभर कॅथलिकांची सेवा करीत, अत्यंत गरिबीत, १६८६ मध्ये वयाच्या ४८ व्या वर्षी त्यांनी देह ठेवला. फ्लॉरेन्सच्या सान लोरेन्झो चर्चमध्ये त्यांचे दफन झाले. २३ ऑक्टोबर १९८८ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना 'धन्यवादित' म्हणून घोषित केले.

कोठे भिंतीवरच्या ओलीत, कोठे झाडाच्या सालीवर पवित्र मुखवटा दिसल्याची वार्ता अधूनमधून आपल्या कानी येते. लोक धावतात, मेणबत्त्या लावतात. आणि चौकशीची भाषा करणारा धर्मगुरू त्यांना अश्रद्ध वाटतो. अशा वेळी मला धन्यवादित स्टेनसन आठवतात. जिभेच्या दगडांची गोष्ट गेली म्हणून प्रेषितांच्या कृत्यांतील एक ओळही गेली नाही. गेले ते माणसांनी तिला चिकटविलेले ठिगळ. जो देव सत्य आहे, त्याला आपल्या भाबड्या पुराव्यांची गरज नाही. आणि खऱ्याखोट्याची शहानिशा करणारा त्याच्यापासून दूर जात नाही.