नाव नसलेली सावली

नागपूरच्या हिरवाईचा इतिहास सांगताना आपण बहुधा बागांची नावे घेतो. महाराजबाग, तुळशीबाग, तेलंगखेडी. भोसल्यांनी राखलेल्या या बागांना धनी होता, कुंपण होते आणि मुख्य म्हणजे नाव होते. १८५४ साली राज्य खालसा झाले, धनी बदलला, नावे टिकली. परंतु शहराची बरीचशी सावली या कुंपणांबाहेर वाढली. तिची नोंद इतिहासाने फारशी घेतली नाही आणि नगररचनेनेही नाही.

अजनीची रेल्वे वसाहत हे याचे ठळक उदाहरण. १८६७ साली नागपुरात रेल्वे आली. पुढे इंग्रजी अमदानीत अजनीला कर्मचाऱ्यांसाठी ऐसपैस आवारांची क्वार्टर्स उभी राहिली. त्या आवारांत काही झाडे माणसांनी लावली, काही पाखरांनी रुजवली. बाग म्हणून ती जागा कोणी आखली नव्हती. पिढ्यांच्या वहिवाटीने ती तशी झाली.

आपल्या नियोजनाला मात्र वहिवाट वाचता येत नाही. १९६६च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखालील विकास योजना उद्यानांसाठी, क्रीडांगणांसाठी जमीन राखून ठेवते. १९७५चा वृक्ष संरक्षण कायदा झाडे मोजतो, तोडीला परवानगी देतो किंवा नाकारतो, बदल्यात लागवड करायला लावतो. म्हणजे एकीकडे आखलेले उद्यान, दुसरीकडे सुटे झाड. या दोहोंच्या मधली, अनेक झाडांनी मिळून धरलेली जागा कोणत्याच रकान्यात बसत नाही.

२०२०-२१मध्ये अजनीच्या नियोजित इंटर मॉडेल स्टेशनसाठी हजारो झाडे तोडण्याचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा नागरिकांनी त्या वसाहतीला 'अजनी वन' म्हणायला सुरुवात केली. हे नामकरण मला त्या आंदोलनातील सर्वांत विचारगर्भ कृती वाटते. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली गोदावर्मन प्रकरणात 'वन' या शब्दाचा कोशातला अर्थ ग्राह्य धरला होता, मालकी कोणाचीही असो. शब्दाला असे वजन असते. नाव मिळताच सुटी झाडे एक जागा झाली आणि तिच्याविषयी बोलता येऊ लागले.

विकासाची बाजू पोकळ होती असे नाही. वाढत्या शहराला स्थानके लागतात. डिसेंबर २०२२मध्ये नागपूर व अजनी या दोन्ही स्थानकांच्या पुनर्विकासाची पायाभरणीही झाली. पण दूर कुठे लावलेले रोप इथल्या मे महिन्यात सावली देत नाही. २०२१च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील वृक्षांना वारशाचा दर्जा दिला. तोही एकेका झाडाला, त्याचे वय पाहून.

१९१४पासून भारतातली अनेक गावे पायी हिंडलेले पॅट्रिक गेडिस नकाशाआधी पाहणीचा आग्रह धरीत. जमिनीचा वापर ठरवण्याआधी तिथे आज काय नांदते आहे, हे लिहून काढावे, एवढेच त्यांचे मागणे होते. शंभर वर्षांनंतरही ते जुने झालेले नाही.