वऱ्हाडातील दुष्काळी कामे व मजुराचा हक्क

आपल्या देवळाच्या महोत्सवानिमित्त निघालेल्या या पुस्तकात धर्मगुरूंची चरित्रे, शाळांचा इतिहास आणि संघांचे वृत्तांत वाचकांस मिळतीलच. आम्ही येथे जरा निराळा विषय घेतला आहे. देवळाच्या पुस्तकात सडका, गिट्टी व मजुरी यांचा इतिहास कशाला, असे कोणी विचारील. परंतु या प्रांतातील आपल्या समाजाचा भूतकाळ त्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही, हे पुढे दिसून येईल.

'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण सर्वांच्या परिचयाची आहे. १८५३ साली निजामाकडून हा मुलूख इंग्रजांच्या कारभारात आला. पुढे १८६१ ते १८६५ या वर्षांत अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्यामुळे तिकडचा कापूस विलायतेस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसास एकाएकी भाव चढला. १८६७ साली लोहमार्ग अकोला, बडनेरा या बाजूने नागपुरास जाऊन भिडला. रुईचे गठ्ठे मुंबईस जाऊ लागले, व्यापारी आले, सरकारी सारा वाढला. अशा संपन्न प्रांतास दुष्काळाचे भय ते कसले, असा समज सर्वत्र पसरला. परंतु कापूस खाता येत नाही. ज्या कुळाने ज्वारीचे शेत कापसाखाली घातले, त्याचे अन्न बाजारभावावर अवलंबून राहिले. आणि ज्याला शेतच नव्हते, त्याचे तर निंदणी-वेचणीच्या मजुरीवर. पाऊस हुकला की पीक आणि मजुरी ही दोन्ही एकाच दिवशी बुडत.

१८९६-९७ साली पहिला तडाखा बसला. त्यातून लोक सावरतात न सावरतात तोच १८९९ साली पाऊस साफ फिरला. विक्रम संवताचे ते १९५६ वे वर्ष. म्हणून 'छप्पन्नचा दुष्काळ' हे नाव कायमचे राहिले. १८९१ च्या खानेसुमारीत वऱ्हाडची वस्ती सुमारे २८ लक्ष ९७ हजार होती. १९०१ साली ती सुमारे २७ लक्ष ५४ हजार भरली. दहा वर्षांत वाढ तर नाहीच, उलट सुमारे १ लक्ष ४३ हजारांची तूट! सोन्याच्या कुऱ्हाडीचा हा हिशेब आहे.

त्या वेळी सरकारजवळ दुष्काळाचे नियम तयार होते. १८८० च्या दुष्काळ कमिशनच्या शिफारशींवरून १८८३ साली त्यांचा नमुना ठरला व प्रांतोप्रांती तो लागू झाला. त्यांतील पद्धत अशी होती की, ज्याच्या अंगात काम करण्याची शक्ती आहे त्याने सडकेवर किंवा तळ्यावर यावे, मुकादमाच्या टोळीत नाव घालावे, गिट्टी फोडावी अगर माती वाहावी, आणि नेमून दिलेल्या मापाइतके काम भरले तर मजुरी घ्यावी. मजुरी पैशांत मिळे. पण तिचा आकडा धान्याच्या चालू भावावरून, म्हणजे जीव जगण्यास किती धान्य लागेल यावरून ठरे. काम कमी भरले तर मजुरीही कमी. आंधळे, पांगळे, म्हातारे यांस गावीच फुकट मदत मिळे, आणि मुलांसाठी अन्नछत्रे असत. यात व्यवस्था होती हे कबूल केले पाहिजे. या नियमांनी पुष्कळ जीव वाचविले, हेही खरे. परंतु त्यांच्या मुळाशी एक संशय होता. उपाशी माणूस खरोखरच उपाशी आहे काय, याची परीक्षा म्हणून ते काम मुद्दाम कष्टाचे ठेवलेले असे. ज्याची हाडे निघाली आहेत त्याने आधी दगड फोडून आपली भूक सिद्ध करावी! त्यातच १९०० च्या उन्हाळ्यात पटकीची साथ फैलावली आणि कामांवर जमलेल्या गर्दीत ती फारच भयंकर ठरली.

मजुरी किती असावी हा वाद त्याहून जुना आहे. १८७७ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी, आणि हे गृहस्थ पूर्वी नागपुरास मध्यप्रांताचे चीफ कमिशनर होते, कामावरील मजुराचे धान्य दिवसास एक रत्तलावर आणले. दख्खनमधील मजुरांनी कामे सोडली, व पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेतली. पुढे १८९१ साली, छप्पन्नच्या आधी आठच वर्षे, पोप लिओ तेरावे यांनी 'रेरूम नोव्हारूम' हे परिपत्रक काढले. गरजेपोटी किंवा भीतीपोटी मजूर अपुरी मजुरी पत्करतो तेव्हा तो करार नसून जबरदस्ती आहे, असे त्यांनी त्यात स्पष्ट सांगितले. रोमचे हे वचन वऱ्हाडच्या सडकेवर कोणी वाचून दाखविले असेल असे नाही. पण ते लागू पडत होते तिथलेच.

आता आपल्या समाजाची गोष्ट. त्या वेळी हा मुलूख १८८७ साली स्थापन झालेल्या नागपूर धर्मप्रांतात होता. अमरावतीचा स्वतंत्र धर्मप्रांत १९५५ साली झाला. दुष्काळाच्या वर्षांत मध्यप्रांत-वऱ्हाडातील निरनिराळ्या मिशनांनी पोरकी मुले पदरी घेतली, त्यांस शिक्षण दिले, हुन्नर शिकविले. ते पुण्यकर्म होते, याबद्दल आम्हांस शंका नाही. तथापि 'दुष्काळी ख्रिस्ती' हा टोमणाही त्याच वर्षांनी आपल्या पदरात टाकला, व कित्येक घराण्यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या ऐकला. या टोमण्यास आमचे उत्तर असे की, ज्याच्यापुढे मिशनचा ओटा आणि मरण एवढ्या दोनच वाटा उरल्या होत्या, त्याला दोष देणारा मनुष्य स्वतः जेवलेला असतो. परंतु याच गोष्टीची दुसरी बाजू आपणही पाहावी. भाकरी जेव्हा कोणाच्या कृपेने मिळते, तेव्हा घेणाऱ्याची श्रद्धा कितीही खरी असली तरी तिजवर संशयाची सावली पडते. भाकरी हक्काची असली म्हणजे श्रद्धाही मोकळी राहते.

तो हक्क येण्यास पाऊणशे वर्षे लागली. १९७२-७३ चा दुष्काळ महाराष्ट्रभर पडला, आणि मे १९७३ मध्ये सुमारे ५० लक्ष माणसे सरकारी कामांवर होती. मायलो आणि सुकडी हे शब्द तेव्हाच घरोघर शिरले. त्या वेळी मुख्यमंत्री होते वऱ्हाडच्याच पुसद भागातले वसंतराव नाईक. काम मागेल त्याला ते देण्याची कल्पना मात्र विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे यांची, तिचा पहिला प्रयोग १९६५ साली तासगाव तालुक्यात झाला होता. १९७७ साली तिचा कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम, न मिळाल्यास भत्ता, स्त्री-पुरुषांस एकच दर, आणि कामावर पिण्याचे पाणी, सावली व तान्ह्या मुलांची सोय. खर्चासाठी १९७५ पासून शहरातील नोकरदार व व्यापारी यांच्यावर व्यवसाय कर बसला. शहराने खेड्यातील मजुरीसाठी कर भरावा ही गोष्ट, आमच्या मते, त्या कायद्याइतकीच महत्त्वाची होय.

एवढे करूनही गिट्टी काही सुटली नाही. हजेरीपटावर खोटी नावे चढण्याचे प्रकारही घडले. मग शेतकऱ्याच्या बांधावर कामे नेण्याचा विचार आला. जवाहर विहिरी निघाल्या, १९९० पासून फळबागांस मदत मिळू लागली. वरूड-मोर्शीकडे संत्र्याच्या बागा पुष्कळ वाढल्या. पण विहिरी आणि बोअर इतके झाले की जमिनीतील पाणीच खोल गेले. पूर्णेच्या काठच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांच्या मधल्या काळ्या जमिनीत, विहीर खणली तरी खारे पाणी लागते; तेथे पावसाचे पाणी शेततळ्यात धरणे हाच मार्ग. एकच नमुना सर्व तालुक्यांस लावणाऱ्यांनी ही गोष्ट फार उशिरा ध्यानी घेतली.

२००५ साली महाराष्ट्राचा हा विचार सर्व देशाच्या कायद्यात गेला, व फेब्रुवारी २००६ मध्ये पहिल्या २०० जिल्ह्यांत अमरावतीचा समावेश झाला. त्याच वर्षीच्या जुलैत, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे, अमरावती व अकोल्यासह विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांनी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर केली. तिच्यात व्याजमाफी व सिंचन यांवर मोठा भर होता. ज्याच्या नावावर सातबारा नाही अशा मजुरास कर्जाच्या व्याजमाफीचा उपयोग तो काय?

मेळघाटात हा प्रश्न अजून उघडा दिसतो. कोरकू कुटुंबे सुगी सरली की कामासाठी घाट उतरतात आणि होळीस, जो त्यांचा सर्वांत मोठा सण, परत येतात. सणानंतर ती धारणी-चिखलदऱ्याकडेच थांबतात की मुलांसह पुन्हा खाली जातात, हे गावातले काम कोणत्या आठवड्यात सुरू होते आणि मागच्या कामाचे पैसे हाती आले आहेत की नाही, यावर ठरते.